वॉलपेपरच्या पाठीवर

इंजिन सध्या स्वयंपाकघरात आहे.
गॅरेजात उणे अकरा, बोटं पान्याला चिकटतात,
म्हणून जुन्या चादरीवर, ओव्हनच्या उबेला,
बटाट्यांच्या पोत्याला टेकून बसलंय.
चेझेट. एकशे पंचवीस सीसी, सन एकोणपन्नास,
माझ्याहून तेरा वर्षांनी थोरली.
रादिम वळसा घालून सूपचं पातेलं नेतो,
काही बोलत नाही.
त्याचं न बोलणं मला तोंडपाठ आहे.

आराखडा काढलाय वॉलपेपरच्या पाठीवर.
बैठकीच्या खोलीसाठी आणला होता, निळ्या नाशपात्यांचा;
भिंत राहिली तशीच.
कागद उलटा पसरला, चार कोपऱ्यांवर काकडीच्या लोणच्याच्या बरण्या,
आणि पहिली रेघ ओढली: जमीन.
दुसरी उभी रेघ, ती मी.
एक मीटर चोपन्न. बूट घालून सत्तावन्न.
बाकी सगळं या दोन रेघांच्या हिशेबात बसवायचं.

इथेच तर गोम आहे.
ही घडवताना त्यांच्या डोळ्यांपुढे
लांब टांगांचा कुणी बाप्या असणार.
मी एकतीस वर्षं टपाल वाटलं या टेकाडांवर,
पायी, सायकलने, शेवटी पिवळ्या मोटारीतून,
आणि गावातली एकूण एक पेटी
माझ्या कपाळाच्या उंचीवर.
आता एक तरी वस्तू मापाची हवी.

तर: सीट सहा सेंटीमीटर खाली.
हँडल माझ्याकडे झुकवून, बोलावल्यासारखं.
सहा व्होल्ट जाऊन बारा व्होल्ट.
बॅटरीचा डबा उजवीकडे, सांगाड्याच्या कोनात.
धूर मात्र आहे तसाच,
तेलमिश्रित, निळा, शेजाऱ्यांना खोकवणारा.
खर्चाच्या रकान्यात दोन आकडे,
एक खरा, एक रादिमला सांगायचा.

झ्बिन्येककडे लेथ आहे, जुन्या सहकारी गोठ्यात.
त्याने चष्मा कपाळावर ढकलून कागद पाहिला, म्हणाला,
'ही मापं मिलिमीटरमध्ये आहेत, का मनामध्ये?'

मग सांगाडा घासायला घेतला.
काळ्या रंगाखाली हिरवा, हिरव्याखाली कसलासा करडा,
आणि उजव्या कोनात, ग्रीसच्या गोळ्याखाली,
वीतभर नळी. आडवी. वेल्ड केलेली.
टोकाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा, तारेने आवळलेला.
डावीकडेही असावी; तिथे नुसता व्रण.

कारखान्याचं काम नाही हे.
घाईचा, शिकाऊ हाताचा वेल्ड, टणटणीत फुगलेला.
मोठ्या माणसाच्या पायाला फार उंच.
मी माझा बूट लावून पाहिला, मग हात,
मग मनात एक पाच वर्षांचा पाय.

ओल्द्रिखला फोन केला.
(त्याच्याकडूनच घेतली, एका डीप फ्रीझरच्या बदल्यात.)
त्याला ठाऊक नाही. त्याला ब्रत्नित्सेच्या एकाने दिली,
त्या एकाला कुणी, कोण सांगणार?
म्हणजे कुणीतरी माझ्याआधीच
ही गाडी एका बुटक्या माणसासाठी बदलली होती.

आराखड्यात तिथे बॅटरी आहे.
करवत चालवली की दोन मिनिटांचं काम.
मी बॅटरी खोडून मागे नेली, मागचं चाक आडवं आलं.
पुढे नेली, कार्ब्युरेटर.
परत उजवीकडे. परत खोडली.
चौथ्या वेळी कागद झिजला
आणि आरपार एक नाशपाती दिसू लागली.

रादिम सूप ढवळता ढवळता थांबला.
'सीटखाली घाल की.'
सीट खाली आणलीय, जागा कुठाय?
'मग चारच सेंटीमीटर आण.'
आणि उरलेले दोन? ते काय तू देणार?
त्याने आराखड्याकडे पाहिलंच नाही,
पाहिलं दारापाशी वाळत घातलेल्या माझ्या बुटांकडे,
उचलून तळवा उलटा केला,
अंगठ्याने जाडी चाचपली,
आणि चमचा तसाच पातेल्यात सोडून
खाली तळघरात काहीतरी शोधायला गेला.