एकवीस दिवसांचा रोमन पूल

रास अल खैमात, खाडीला लागून,
हॉटेलच्या तलावावर पूल हवा होता
दोन हजार वर्षांचा,
एकवीस दिवसांत.

आत पोलादाची पट्टी, वरून साच्यातलं सिमेंट,
आणि म्हातारपण चढवायला मी,
हणमंत धोत्रे, पाथरवट, मुक्काम दहिवडी.

ऑर्सोलाबाई फोटोंची चळत घेऊन आल्या.
इथे चाकोरी पाड, म्हणाल्या, बोटभर खोल.
इथला कठडा पुरात गेला होता,
नंतर बसवल्यासारखा दाखव, जरा पांढरा.
मी विचारलं, कुठला पूर?
हसल्या. तुला हवा तो.

मग सोमवारी मी पूर आणला.
मंगळवारी एक फौज पलीकडे नेली,
परतताना माणसं थोडी,
म्हणून त्या बाजूची चाकोरी उथळ ठेवली.
बुधवारी कुणीतरी घरासाठी चार दगड उपटून नेले
(आमच्या गढीचे नेले तसेच).
शेवाळ धरावं म्हणून गुलफराजने
लबानच्या आठ बाटल्या सांध्यांत ओतल्या.
दुपारपर्यंत करपून पापुद्रे निघाले, माश्या आल्या.
शेवटी हिरवा रंग मारला.

आबा सांगायचा, कमान झोपत नाही.
प्रत्येक दगड शेजाऱ्यावर पडतच असतो,
पडायला जागा नाही म्हणून उभा.
हा मधला चावीचा दगड मात्र निवांत.
टिचकी मारली तर तेलाच्या डब्यासारखा वाजतो.
टाकीचे घाव सोसल्यावर देवपण येतं म्हणे;
याला म्हातारपणसुद्धा
घावावाचून मिळालं.

एका फोटोत, अस्सल पुलाच्या पोटाशी,
दगडावर विळ्यासारखी खूण होती.
हे काय?
गवंड्याची, बाई म्हणाल्या. मजुरी मोजायला.
नाव?
नाव कुणी लिहिलं नाही.

विसाव्या रात्री गुलफराजने बॅटरी धरली.
चावीच्या खालच्या अंगाला, पाण्याकडे तोंड करून,
मी आमची खूण घातली: तीन रेघा, एक टिंब.
रंग नाही, साचा नाही. आबाची टाकी.
एक कपची उडून ओठाला लागली,
तेवढाच त्या पुलात खरा घाव.

ती बघायची तर पाण्यात उतरावं लागेल.
तलावात उतरायला सक्त मनाई आहे.
तशी पाटीही
मीच ठोकली.