दहावं नाव

नऊ नावं झाली होती. दहावं सुचेना.
मेसेजमध्ये स्पष्ट लिहिलेलं : दहा जणांना पाठव,
नाहीतर बर्फाखालची बाई आज रात्री
तुझ्या खिडकीशी येईल.
सोबत फोटो. पांढराफटक चेहरा, डोळ्यांच्या जागी भोकं.
मी सातवीत. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता.
पण खिडकी होती, खिडकीपुढे तळं होतं,
आणि कुओपिओत नोव्हेंबरात दुपारीच अंधारतं.
म्हणून दहावं नाव इल्मोचं टाकलं.
शेजारचा. पाचवीतला. परवाच त्याला फोन मिळालेला.
मग मी गाढ झोपले.

इल्मोनं मेसेज शेवटपर्यंत वाचला.
मी वाचलाच नव्हता.
शेवटी होतं : खरा शूर असशील तर
बाराला बर्फावर जा, तीनदा पाय आपट,
व्हिडिओ काढ.

बर्फ चार दिवसांचा होता.
त्यावर कावळासुद्धा जपून बसायचा.

लव्हाळ्यापाशीच फुटला, एवढी मेहेरबानी.
गुडघ्यापर्यंत पाणी, एक बूट गेला,
आणि उरलेल्या एका बुटानिशी इल्मो
ताउनोकाकांच्या सौनाचं दार बडवत राहिला.
त्या रात्री त्यांनी उशिरा चूल पेटवली नसती तर –
हे वाक्य आमच्या गल्लीत अजून कोणी पुरं करत नाही.

रौतिओबाई ओरडल्या नाहीत.
एवढंच म्हणाल्या : कोणी पाहिली ही बाई?
एक हात वर. माझ्या मावसबहिणीच्या मैत्रिणीनं.
लाव तिला फोन.
तिनं नव्हती पाहिली, तिच्या भावाच्या कोचनं पाहिलेली.
कोच म्हणाला, कोण बाई?
आवईच्या पावलांवरून आम्ही दोन तास मागे मागे गेलो,
आणि पावलं मध्येच संपली,
जणू कोणी तिथून चाललंच नव्हतं.
फोटो मात्र सापडला. तोच चेहरा
एका देशात विहिरीतला, दुसऱ्यात लिफ्टमधला,
आणि सगळ्यांत जुना, एका बाहुल्या करणाऱ्याच्या दुकानात
रंग वाळायला ठेवलेला.
वर्ग हसला. मला हसू आलं नाही.

मी ताउनोकाकांकडे गेले, कबूल करायला.
ते पहार घेऊन तळ्यावर निघालेले. चल, म्हणाले.
डिसेंबर संपत आलेला, बर्फावरून लोक स्कीवर चाललेले,
तरी काका आधी पुढे पहार ठोकायचे,
कान द्यायचे, मग एक पाऊल. पुन्हा ठोकायचे.
साठ वर्षं हेच तळं, मी म्हटलं, ओळखीचं नाही का?
"तळं ओळखीचं. बर्फ दरसाल नवा."
कबुलीबद्दल काहीच बोलले नाहीत.
परतताना पहार माझ्या हातात दिली.
जड होती.

जानेवारीत दुसरं आलं. या वेळी पुलाचा कठडा,
डोळे मिटून चालायचं,
आणि खाली ठळक अक्षरांत : भित्री आहेस का?
ग्रुपवर सत्तावीस जण. ओत्सोनं माझंच नाव घेऊन विचारलं.
मी मनात पहार ठोकली. आवाज पोकळ आला.
तरी बोट थरथरत होतं, खोटं कशाला सांगू.
लिहिलं : हो.

बराच वेळ कोणी काही लिहिलं नाही.
मग वेन्लानं लिहिलं : मी पण.
ओत्सोनं एक हसरा चेहरा टाकला,
तो कुठल्या अर्थाचा ते अजून कळलेलं नाही.
मग विषय गणिताच्या गृहपाठाकडे गेला.

मे महिन्यात बर्फ गेला आणि बूट आला.
लव्हाळ्यात अडकलेला, गाळानं भरलेला, आत एक गोगलगाय.
फोटो काढायला मी फोन वर केला होता.
खाली ठेवला.
बूट धुतला, वाळवला, इल्मोकडे नेला.
त्यानं पाय घालून पाहिला. जाईना.
"माझा पाय वाढला," तो म्हणाला,
जशी काही मोठी बातमीच.