तास

कुरणगीला यायचं तर कापशीची एस.टी. धरायची
आणि कंडक्टरला सांगायचं, हत्तीच्या खुंट्याला उतरव.
हत्ती बघितलेलं आता कुणी उरलं नाही.
खुंटा आहे. काळा, कमरेएवढा,
साखळीनं गळ्याशी झिजलेला.
काल त्याला सुताराच्या गुंडूनं रेडकू बांधलं होतं,
रेडकू आपलं निवांत.

वेशीला दारं नाहीत.
संस्थान विलीन झालं त्या साली
एक चावडीच्या माळ्यावर गेलं,
एक गुऱ्हाळाच्या चुलवाणात.
कडेला पाच वीरगळ. खालच्या खणात माणूस मरतोय,
मधल्यात अप्सरा त्याला वर नेताहेत,
वरच्यात तो पिंडीपुढं हात जोडून बसलाय.
नाव कुणाचंच नाही.
खालच्या खणावर विळे घासून घासून
त्याचा घोडा पार गुळगुळीत झालाय.
तो मरतोच आहे अजून,
आमच्या विळ्यांना धार येते.

ही डेअरी. इथं फॅट लागते.
पूर्वीची कचेरी ही. या गजांमागं आता दुधाचे कॅन,
तेव्हा सारा थकलेली माणसं.
वर तुळईला कडी दिसते? तिथं तास टांगलेला,
परातीएवढी कांशाची थाळी.
वाजवायचा मान दस्तगीर नायकवड्याचा,
मानाबद्दल सव्वा बिघा पड
आणि दसऱ्याला एक मुंडासं.

वेळ सरकारांची होती, हे आधी समजून घ्या.
जमीन त्यांची, झाडावरचा आंबा त्यांचा,
ओढ्यातल्या खेकड्यातही वाटा,
तशी वेळही.
सरकार उठले की सहा वाजायचे.
शिकारीहून उशिरा निजले
तर ऊन गंजीवर चढून बसायचं
आणि गाव म्हणायचं, पहाट आहे अजून.

हत्तीच्या गवताला वेठ, घरटी एक बाई.
संध्याकाळचा तास पडेपर्यंत
कुरणातनं पाय काढायचा नाही.
एका श्रावणात तंगेव्वा गेली, सव्वा महिन्याची बाळंतीण,
पदर दुधानं भिजलेला,
घरात पोरगं रडून रडून गप्प झालेलं.

दस्तगीरला कुणी काही बोललं नाही.
पण त्या दिवसापासनं संध्याकाळचा तास
जरा आधी पडायला लागला.
पहिल्यांदा पान चघळून होण्याएवढा,
मग चिलीम विझण्याएवढा,
मग कुरणातनं घरापर्यंत चालत येण्याएवढा.
सरकारांच्या दिवाणखान्यात
उजेडातच समया लागू लागल्या.
एक दिवस तेही म्हणाले म्हणे,
हल्ली दिवस लहान झालेत.

मग कोल्हापुरातनं लंबकाचं घड्याळ आलं,
बैलगाडीत, गवतात गुंडाळून.
आठ दिवस घड्याळ आणि तास यांची भांडणं.
नवव्या दिवशी निकाल.
मोडीतला कागद मी दप्तरात शोधला,
वसगडेकर गुरुजींकडून वाचून घेतला:
'दस्तगीर वल्लद हुसेन याणे सरकारची वेळ चोरिली,
सबब दंड रुपये अकरा, व जमीन खालसा.'
किती चोरली, ते लिहिलेलं नाही.
चोरीचा माल सापडल्याचीही नोंद नाही.
कुठनं सापडणार?
तो पोरांनी पिऊन टाकला होता.

तंगेव्वाचं पोरगं ऐंशी वर्षं जगलं.
दस्तगीरची पड जमीन कुळकायद्यात त्याच्याच नावावर लागली,
काय म्हणायचं याला, मला कळत नाही.
नांगराच्या रेघेला आमच्यात तासच म्हणतात.
पहिला तास ओढायच्या आधी
त्या घरातलं कुणीतरी अजून
पिराला ऊद घालून येतं.

थाळी आता शाळेत आहे. शिपाई मीच.
हेडमास्तर म्हणतात, मोबाईल बघून वाजवत जा,
सेकंदाची चूक नको.
सकाळचा बरोबर वाजवतो.
दुपारचाही.
संध्याकाळचा बघतो, पावणं,
मोबाईल नीट बघतो,
आणि जरा आधी.