बोगदा क्रमांक चार

झेफ पेटी उघडतो, आधी हुंगतो.
आंबूस वास आला तर शिवायचं नाही,
खडूनं फुली मारून उताराला लागायचं.

पुकाच्या वरच्या डोंगरात एकेचाळीस वर्षं
ही काडतुसं ज्या शत्रूसाठी ठेवली
तो आलाच नाही.
पितळ कळकलंय.
आतल्या दारूला शांत ठेवणारं काहीतरी
दर उन्हाळ्यात चिमूटभर संपतं,
मग ती आपली आपणच तापू लागते.

"अजून किती टिकेल?" तिरानाचा साहेब फोनवर.
झेफ म्हणतो, तारखेची चिठ्ठी उंदरांनी खाल्ली.
उंदीर धडधाकट आहेत.

रात्री म्रिका आलुबुखारची दारू ओतते,
त्यांच्या लग्नातली,
जुनी होत होत मऊ झालेली.
पेला नाकाशी नेऊन
तो थांबतो,
जरा जास्तच.