चार बोटं दूर

उद्यमबागेत एकतीस वर्षं लेथवर उभा राहिलो,
मिलिमीटरच्या शंभराव्या भागाशी माझं बोलणं होतं.
आता वडगावात, रात्री साडेअकराला,
एका बॅटरीपुढे मांडी घालून बसलोय
आणि काही जमत नाहीये.

लाईट गेली की गल्लीतले माग एकदम गप्प होतात.
इतके, की स्वतःचं गिळणं ऐकू येतं.
शेवंता म्हणते, हीच वेळ.
माग थांबलाय तोवर तुटलेले धागे सांधून घ्यायचे,
उद्या दुपारी साडी उतरवून शहापुरात द्यायची आहे.
काळी साडी. काळ्यात काळा धागा.

बॅटरी नातवानं पाठवलेली, एलईडीची,
तांदळाच्या कणीएवढा ठिपका
आणि त्यातून सुळ्यासारखं बाहेर येणारं पांढरं.
तिनं प्रत्येक धाग्याशेजारी एक खोटा धागा उभा केला.
शेवंतानं दोनदा सावलीला गाठ मारली.
पहिल्यांदा हसली.

मग मी उठलो.

कुंद्याच्या खोक्यातला बटर पेपर आधी.
उजेड छान पिवळा झाला, जरा गोडसर,
पण कागद तुपकट, आणि खाली रेशीम.
तिनं माझा हात कोपरानंच लांब केला.

दुधाची पिशवी धुऊन, उलटी करून ताणली.
फणीवर एक निळं कन्नड अक्षर पडलं, पाठमोरं.
ते मला चटकन वाचता आलं,
सरळ असतं तर अडलो असतो.

मुचंडीकरांच्या पोराची लग्नपत्रिका सापडली,
वरचा झिरझिरीत कागद काढला,
तर गणपती येऊन ताण्यावर बसला.
त्याला उठवला.
मेहुण्याच्या एक्स-रेबद्दल बोलायला नको.

शेवटी डब्याचं झाकण. पारदर्शक, बिनकामाचं,
डबा केव्हाच फुटलेला.
चारशे नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात बुडवला
आणि गोल गोल घासत बसलो.
हाताला सगळं आठवत होतं, फक्त उलटं.
जन्मभर चकाकी आणायचे पैसे घेतले,
आज पहिल्यांदा चकाकी काढत होतो,
आणि सांगतो, ती आणण्यापेक्षा हे
काही कमी नाजूक काम नाही.

रबरबँड लावून झाकण काचेवर बसवलं.
काही नाही. ठिपका तोच,
फक्त तोंडाला पीठ लागल्यासारखा.
"कशाला खटपट करालाय," शेवंता म्हणाली,
"झोपा जावा."
चिडून रबरबँड ओढला, तो तुटला,
झाकण सुटलं, मी हवेतच पकडलं
आणि पकडलं तिथं
ते काठोकाठ भरलं.

काचेपासून चार बोटं दूर.
ठिपका गेला. आता अख्खं झाकणच दिवा.
खोटे धागे आधी विरळ झाले,
मग नुसते धुरासारखे,
मग राहिले तेवढे खरे.

दारात नीलव्वा, हातात मेणबत्ती,
तिच्याकडं पण तीच गत.
"बेळकु मेत्तग आतु नोड," म्हणाली.
मी मनात मऊ म्हणून बघितलं.
मेत्तग जास्त बरोबर होतं,
त्यात बोट रुततं.

आता चार बोटांचा पाईप कापून बसवला की झालं.
पण हॅक्सॉ शेजारच्या भरमानं नेलेली, गणपतीच्या आधी.
म्हणून एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात झाकण,
आणि दोन्ही हात सत्तरीच्या जवळ.
साडेतीन बोटं, चार, साडेचार, परत चार.
एवढी चूक लेथवर केली असती
तर फोरमननं तुकडा अंगावर फेकला असता.
उजेडानं मात्र चालवून घेतलं.

एक वाजता लाईट आली.
एकेक करत गल्लीतले माग बोलू लागले,
डोक्यावरची ट्यूब दोनदा चाचरून लागली.
मी हात खाली घेतले.

"ट्यूब पाठीमागं आहे, माझीच सावली पडते," शेवंता म्हणाली,
मान वर न करता.
"अजून सहा धागे राहिलेत.
धरा."