मागची माती

अर्जात चौकट एकच, बोटभर:
'शस्त्राचे प्रयोजन'.
मी लिहिलं पीकसंरक्षण, स्वल्पविराम, नेमबाजी,
आणि शेवटचा 'जी' चौकटीबाहेर उभा राहिला.
कारकुनानं चष्म्यावरून पाहिलं.
कामं दोन आणि बंदूक एक?
म्हटलं, पैसेही एकीचेच आहेत.

भुसावळात, ताहेरभाईंच्या दुकानात,
काचेला हात लावता येत नव्हता इतका मे तापलेला.
हिरव्या बनातीवर त्यांनी तिघींना निजवलं.
पॉइंट बावीस लगेच उचलून परत ठेवली:
हिच्या काडतुसाला ठोका कडेला बसतो, बेटा,
कागद फाडेल, रोह्याला खाज सुटेल.
मग एक जाडं पितळ तळहातावर उलटं करून दाखवलं.
तळाशी, बरोबर मधोमध,
कुंकवाएवढा तांबूस ठिपका.
ठोका इथे. बाकी सगळं यानंतरचं.

उरल्या दोन.
तीनशेपंधरा, साधी, शाळामास्तरणीसारखी.
तीस-शून्य-सहा, तिच्यावर दुर्बीण, आणि किमतीत एक शून्य
जे लीलाधरकाकांना फार आवडलं.
मोठीच घे, ते म्हणाले,
मोठ्या तव्यावर लहान भाकर होते,
लहान तव्यावर मोठी होत नाही.

सुरवाडे सरांच्या रेंजवर दोन्ही झाडून पाहिल्या.
मोठीच्या पाचव्या गोळीला
चाप दाबायच्या आत माझा डोळाच मिटला.
सर काही बोलले नाहीत,
कागदाच्या कोपऱ्यातल्या भोकाभोवती पेन्सिलनं गोल केला
आणि त्यात लिहिलं: भीती.
रात्री आईनं खांद्यावरच्या जांभळाला हळद लावली,
म्हणाली, डुकराच्या आधी तूच पडशील.

तरी ठरत नव्हतं.

डोंगर कठोऱ्याला, बागेच्या बांधावर,
रुबाब तडवी बिडी न पेटवता धरून बसला होता.
वनखात्याचा कागद मी त्याला वाचून दाखवला,
दोन्ही बंदुकांचं वजन सांगितलं, वेग सांगितला,
गोळी किती दूर जाते तेही, जरा ऐटीतच.
तो उठला. केळीच्या दोन ओळींमधे मला उभं केलं.
खोडं दोन्हीकडे ओली, गार,
मधे गल्ली सरळ, आखल्यासारखी.
टोकाशी काय दिसते, त्यानं विचारलं.
धूर, मी म्हटलं.
पावऱ्यांची झोपडी, चूल, चुलीपुढे कुणीतरी वाकलेलं.
"लागली त लागली, बाई.
चुकली त कुठी निजीन?"

ताहेरभाईंनी हे विचारलं नव्हतं.
काकांनी नाही, कारकुनानं नाही.
सरांनीही नाही, पण आठवलं,
त्यांच्या कागदामागे मातीचा बांध आहे, दोन पुरुष उंच,
आणि मी तो इतकी वर्षं
फक्त पार्श्वभूमी समजत होते.

तीनशेपंधरा घेतली.
वाचलेल्या पैशांत बाभळीचा माळा बांधला, नऊ फूट,
वरून नळी कुठेही फिरवा, माशीपुढे
काळी जमीनच येते.

आषाढात डुकरं आली.
खोडांची कडकड, मग घुसळ, मग
चांदण्यात एक हलणारी पाठ.
डोळा उघडा ठेवला. चाप दाबला.
चुकली.

सकाळी रुबाबनं विळ्याच्या टोकानं
वीतभर खोल उकरलं
आणि उमललेलं शिसं माझ्या हातावर ठेवलं,
थोडी माती तशीच ठेवून.
बोलला काहीच नाही. बिडी पेटवली.
डुकरं पुन्हा येणारच होती, त्यानं सात घड आडवे पडलेले मोजले,
मी आठ.