राख

बायडा झोरेनं कुंभ्याच्या पानात बांधून दिली अळंबी,
पाटणच्या वर, सड्यालगतच्या वारुळावरची.
"धू नगंस, चव जाती."
मी धुतली. तीनदा.

कराडला भट्टी साडेपाचशे अंशांवर.
पहाटे मुशीत
चमचाभर करडी राख.
जस्त, तांबं, लोह भरपूर;
शिसं आढळलं नाही –
हे वाक्य मी दोनदा तपासलं.

आकडे घेऊन पुन्हा चढले.
ती गोठ्यात होती,
शेणाच्या हातांनी उभी राहून ऐकत राहिली.
"लोखंड? त्ये तव्यातलं आसंल.
तू कशात शिजवलीस?"
चिनी मातीच्या मुशीत.
"मीठ?"
नाही.
"मग खाल्लं कुणी?"

उतरताना चपलेला
जांभ्याची तांबडी माती चिकटली,
कराड येईपर्यंत झटकली नाही.